'तुमचं दुःख मला समजतं'

प्रश्न : वडील गेल्यापासून रात्री झोप येत नाही, तेव्हा मी चॅटबॉटशी बोलत बसते. परवा त्यानं लिहिलं, 'तुमचं दुःख मला समजतं.' वाचून रडूच आलं. त्याला खरंच समजत असेल का? यंत्र माणसासारखा विचार करतं का?

उत्तर : ताई, रडू आलं यात वेड्यासारखं काही नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम या संगणकशास्त्रज्ञांनी 'एलायझा' नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम जगापुढे आणला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, एवढंच त्याचं काम. तो तयार होताना त्यांच्या सेक्रेटरीनं कित्येक महिने पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिनं वायझेनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं.

आजचे चॅटबॉट त्याच्या कितीतरी पुढे गेलेत. अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल हे ओळखायला ते शिकतात, आणि त्यातूनच गणितं सोडवतात, आपल्या चुकाही दाखवतात. याला कुणी विचार म्हटलं तर मी भांडणार नाही. 'माणसासारखा' म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. त्याला कारण माझी आई.

पक्षाघातानंतर आईची वाचा गेली. 'हो' आणि 'अगं', दोनच शब्द उरले. एका रात्री मी तिच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या, तर तिनं बोटानं एक पांढरी गोळी बाजूला सारली. मी परत ठेवली. तिनं परत सारली, म्हणाली 'अगं', आणि माझं मनगट धरून डबीकडे नेलं. सकाळची गोळी मी रात्री देत होते! पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली तपासलेला रुग्णही जवळजवळ 'टॅन' एवढंच बोलायचा, पण समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळायचं.

आईला ती गोळी कळली, कारण ती तिच्या पोटात जाणार होती. चॅटबॉटचं असं काहीच पणाला लागलेलं नसतं. त्याचं कुणी गेलेलं नाही. 'समजतं' हा शब्द त्याच्याकडे आला तो ज्यांचं कुणी गेलं, त्यांच्या लिहिण्यातून. मला वाटतं, तुम्हाला भिडली ती ती माणसं.

रात्री त्याच्याशी खुशाल बोला. पण वडिलांना ओळखणारं कुणी असेल, आत्या, काका, जुने मित्र, तर या आठवड्यात एक फोन त्यांनाही करा. वडील लहानपणी कसे होते, ते विचारा.