इंदूरला साड्यांच्या दुकानात बसतो, गिऱ्हाइकावर पटकन चिडतो. भावनिक समज रोजच्या रोज कशी वाढवू?

राग आला की तो नक्की कसला आहे ते आधी मनात नाव घेऊन म्हणा आणि तोंड मग उघडा, सुरुवातीला एवढंच करा. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन वगैरेंनी मेंदूचे स्कॅन घेतले होते, चिडलेले-घाबरलेले चेहरे बघताना लोकांनी त्या भावनेला नाव दिलं की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतली धोक्याची घंटा, जरा शांत होत होती. मीपण कपड्याच्याच लाइनीत आहे, राजवाड्याकडे ऐन संध्याकाळी बाई ढीगभर साड्या उलगडायला लावून "बघून येते हं" म्हणत निघाल्या की डोकं सटकणारच, पण "माझा अपमान झाला" आणि "सकाळच्या पोह्यांनंतर पोटात काही नाही" हे दोन वेगळे राग आहेत भाऊ, दुसऱ्याला कचोरी पुरते. घडी घालता घालता ठरवा कुठला ते. गिऱ्हाइकाच्या मनातलंही ओळखत बसू नका, "काकू, बजेटचं काही आहे का?" असं हळूच विचारून टाका. फक्त शेठजी रोज चारचौघांत पाणउतारा करत असतील तर हे कामाचं नाही, तो राग बरोबरच आहे, तिथे दुकान बंद झाल्यावर सरळ बोलूनच घ्यावं लागतं.