एच-४ व्हिसावर आहे, बी.कॉम. झालंय, अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात पर्यावरण शिकून काही उपयोग होतो का?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत: कम्युनिटी कॉलेजला लोक हलकं समजतात का, कॉमर्सवालीला हे झेपेल का, आणि शेवटी नोकरी लागते का. मीही बी.कॉम.च. लग्नानंतर सिॲटलजवळ बॉथेलला आले, तीन वर्षं घरात बसून वैतागले आणि कॅस्केडिया कॉलेजात नाव घातलं. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

नोकरीचं आधी सांगते, कारण तिथेच माणसं गाफील राहतात. एच-४ म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावर शिकायला मुभा आहे, कमवायला नाही. कामाचं परमिट २०१५ पासून मिळू लागलं, पण त्यासाठी नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठीची कंपनीची याचिका) मंजूर झालेली हवी, नाहीतर त्याच्या एच-१बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली हवी. दुसरं असं की राष्ट्रीय जंगलं आणि राष्ट्रीय उद्यानं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारकडे, आणि तिथल्या जवळजवळ सगळ्या नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं. रेंजरची ती रुंद काठाची टोपी डोळ्यांपुढे असेल तर आत्ताच खुंटीला टांगा. उरतात काउंटी (आपल्या जिल्ह्यासारख्या), शहरांची पाण्याची आणि सांडपाण्याची खाती, खासगी कन्सल्टंट, आणि इथल्या मूलनिवासी जमातींची स्वतःची खाती. ही शेवटची गोष्ट मला कॉलेजात जाईपर्यंत माहीतच नव्हती. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की एकोणिसाव्या शतकातल्या तहांनुसार पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा जमातींचा. तेव्हापासून माशांच्या बाबतीत त्या राज्य सरकारच्या बरोबरीने बसतात, आणि त्यांच्याकडे आपापले जीवशास्त्रज्ञ आणि टेक्निशियन असतात.

आता 'हलकं' म्हणाल तर, आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेज, आयटीआय आणि पदवीची पहिली दोन वर्षं एकाच आवारात आणली तर जे होईल ते हे. वॉशिंग्टन राज्यात अशी ३४ कॉलेजं आहेत. ९० क्रेडिटची दोन वर्षांची डिग्री घ्यायची आणि हवं तर विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. राज्याचे रहिवासी ठरलात तर फी विद्यापीठाच्या निम्म्याहूनही कमी. रहिवासी कोणाला म्हणायचं याचे नियम राज्याराज्यांत वेगळे, तेव्हा व्हिसाचे कागद घेऊन ॲडमिशन ऑफिसात स्वतः जा, मैत्रिणीच्या मैत्रिणीवर विसंबू नका. आणि सल्लागारावर तर डोळे मिटून नकोच. कॅस्केडियाच्या आधी मी दुसऱ्या एका कॉलेजात गेले होते. तिथल्या बाईंनी माझी मार्कशीट उघडूनही न पाहता मला गणिताच्या अशा कोर्सात बसवलं, जो पुढे कशातच धरला गेला नाही. एक अख्खा क्वार्टर (साधारण तीन महिन्यांचं सत्र) आणि फी, दोन्ही पाण्यात. भारतातल्या डिग्रीचं मूल्यांकन आधी करून घ्या आणि 'हा कोर्स अमुक डिग्रीत मोजला जाईल' हे ईमेलवर लिहून मागा.

एवढी कटकट करून शिकायचं काय, तर माझ्यापुरतं उत्तर एक ओढा. कॉलेजच्या आवाराला लागून नॉर्थ क्रीक वाहतो. कॅस्केडिया आणि युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची बॉथेल शाखा यांचं आवार एकच. तिथे पूर्वी गुरांचं कुरण होतं आणि शेतासाठी ओढा सरळ करून बांधात कोंडलेला होता. कॉलेज बांधताना त्याला पुन्हा वळणं दिली, पुराचं पाणी पसरायला जागा दिली. आज तिथे ५८ एकरांची पाणथळ आहे आणि तीच आमची प्रयोगशाळा.

पहिल्या प्रॅक्टिकलला ऑक्टोबरचा पाऊस, कंबरेपर्यंतचे रबरी वेडर्स (पाण्यात उतरायची, बूट जोडलेली विजार) आणि हातात जाळी. एकीने प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी रोवून उभं राहायचं, दुसरीने वर उभं राहून पायाने दगड घुसळायचे. मग जाळीतला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचा. आधी नुसता पालापाचोळा आणि वाळू दिसते. मिनिटभर हलू नका, म्हणजे पाचोळाच चालायला लागतो. शेपटीला दोन धागे असलेली स्टोनफ्लायची अळी, बहुतेकदा तीन धाग्यांची मेफ्लायची, आणि वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधून राहणारी कॅडिसफ्लायची. या तिघींना थंड, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. त्या भरपूर मिळाल्या तर ओढा बरा आहे. नुसत्या गांडुळासारख्या लाल अळ्या आणि जळवा मिळाल्या तर काहीतरी बिनसलंय. आयुष्यभर डेबिट-क्रेडिट केलेल्या मला ही ताळेबंदाची पद्धत फार आवडली.

अर्थात ताळेबंद जुळूनही गडबड असू शकते. या भागात कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून ओढ्यांत अंडी घालायला येतात, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर माद्या पोटातल्या अंड्यांसकट तडफडून मरायच्या. पाणी तपासलं तर नेहमीचं काही सापडेना. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी कारण जाहीर केलं: गाड्यांची टायरं. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन जे नवीन द्रव्य तयार होतं, ते रस्त्यावरून पावसाबरोबर ओढ्यात जातं. त्या दिवशी घरी गाडी चालवताना वायपरकडे बघवेना.

अंगमेहनतही आहे बरं का, ती कोणी ब्रोशरात छापत नाही. एक क्वार्टर आम्ही दर शुक्रवारी 'हिमालयन ब्लॅकबेरी' उपटत होतो. नुसती छाटून भागत नाही, जमिनीतला गड्डा खणून काढावा लागतो, आणि काटे चामड्याच्या हातमोज्यातूनही घुसतात. वर्गात मी एकटीच भारतीय, त्यामुळे सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते जणू मीच ती सुटकेसमधून आणली. शेवटी सरांनी सांगितलं की ती मुळात आर्मेनियाकडची. ल्यूथर बरबँक नावाच्या रोपवाटिकावाल्याने १८८५ च्या सुमारास नाव हिमालयाचं लावून बाजारात आणली.

थंडीत संध्याकाळची लॅब संपवून बाहेर आलं की आभाळ काळं व्हायचं. कावळे! लांबलांबहून येऊन रात्री त्या पाणथळीतल्या झाडांवर बसतात, कधी कधी सोळा हजारांपर्यंत. आपण पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून एकाची वाट बघतो. मी सासूबाईंना व्हिडिओ पाठवला, तर म्हणाल्या, "अगंबाई, तिकडे कोणाचे एवढे पितर अडकलेत?"

हे सगळं त्या एका ओढ्याचं ज्ञान. ते तिथेच राहतं, हेही खरं. स्टोनफ्लाय ओळखून कोल्हापूर जिल्ह्यात काही होत नाही. मोजायची सवय मात्र सोबत येते. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, ऊस आणि पाणी दोन्ही वारेमाप, त्यामुळे कित्येक रानं क्षारपड झालेली. गेल्या सुट्टीत जाताना मी पाण्याची विद्युतवाहकता (क्षार जितके जास्त, तितका हा आकडा मोठा) मोजायचं पेनासारखं मीटर नेलं. नॉर्थ क्रीकला दीडशेच्या आसपास दाखवणारं ते मीटर आमच्या विहिरीत बुडवलं तर अडीच हजारावर गेलं. मी मोठ्या ऐटीत आप्पांना आकडा दाखवला. ते म्हणाले, "हे मला जिभेवर कळतं की." मग जरा थांबून, "शेजारच्या विहिरीचा बघ बरं." दुपारपर्यंत आम्ही सात विहिरी आणि एक बोअर फिरलो, आणि आप्पांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर सगळे आकडे लिहून घेतले. आता फोनवर दर महिन्याला आकडे सांगतात, मीटर त्यांनी ठेवूनच घेतलं.

झेपेल का? रसायनशास्त्र मला जड गेलं, दोनदा रडले, पण ट्यूटरिंग सेंटर फुकट असतं आणि तिथे कोणी वय विचारत नाही. आकडेवारीचा कोर्स तुम्हाला सोपा जाईल, बी.कॉम. तिथे कामी येतं. परमिट आल्यावर मला एका कन्सल्टंटकडे पाण्याचे नमुने गोळा करायचं काम मिळालं. पगार नवऱ्याच्या सॉफ्टवेअरवाल्या मित्रांना सांगण्यासारखा नाही आणि पहाटे पाचला निघावं लागतं. घरात बसवत नसेल आणि चिखलाचं वावडं नसेल तर करा. फक्त आयटीसारखा पैसा हवा असेल तर दोन वर्षं दुसरीकडे घाला.

फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटाला सुरू होतो, तेव्हा कागदपत्रांचं मूल्यांकन उन्हाळ्याच्या आधीच उरकून घ्या. वेडर्स आम्हाला कॉलेजनेच दिले होते, मोजे आपले. सुती नकोत, लोकरीचे घ्या.