'से बो' की 'सों बेल'?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी खुलताबादचा. वेरूळला फ्रेंच पर्यटकांसाठी गाइड व्हायचंय म्हणून भाषा शिकतोय. फ्रेंचमध्ये लेण्याला 'ग्रॉत' म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. मग परवा एक फ्रेंच बाई 'से बो, ले ग्रॉत' (सुंदर असतात लेणी) असं का म्हणाल्या? 'बो' म्हणजे 'सुंदर', पण पुल्लिंगी; स्त्रीलिंगी 'बेल' नको का? क्लासमध्ये सांगितलं, सर्वसाधारण विधानात विशेषण पुल्लिंगीच ठेवायचं. हे खरं आहे का?

उत्तर : बाई बरोबर बोलल्या, पण क्लासमधला नियम अर्धाच आहे. तो धरून चाललात तर अडाल. विधान सर्वसाधारण आहे की नाही हे बघू नका, कर्ता कोण ते बघा. 'से' हा 'स' (हे) आणि 'ए' (आहे) यांचा जोड आहे. कर्ता तो 'स'. लेणी स्वल्पविरामापलीकडे राहिली, विशेषणाशी त्यांचा संबंधच उरला नाही. 'स'पुढचं विशेषण नेहमी पुल्लिंगी एकवचनी असतं. लॅटिनमधलं नपुंसकलिंग फ्रेंचपर्यंत येताना बहुतेक पुल्लिंगात मिसळून गेलं. आपण 'झालं ते बरं झालं' म्हणतो तिथे मराठीचं नपुंसकलिंग जे काम करतं, ते फ्रेंचमध्ये पुल्लिंगाला करावं लागतं.

आता 'ले ग्रॉत सों बेल' घ्या. 'लेणी सुंदर असतात' हे विधानही सर्वसाधारणच, तरी 'बेल', कारण इथे लेणी स्वतः कर्ता आहेत. आणि दहाव्या, म्हणजे सुताराच्या लेण्यासमोर उभे राहून बोलाल तेव्हा : 'एल ए बेल, सेत ग्रॉत'. शब्दांची मांडणी त्या बाईंच्या वाक्यासारखीच आहे, पण कर्ता 'एल' (ती), म्हणून 'बेल'.

कानाला सवय लागावी म्हणून आंब्यावर सराव करा. आंबा, म्हणजे 'मांग', फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. एकूण आंब्याबद्दल बोलताना 'ला मांग, से बों' (आंबा चांगला असतो). पाहुण्याच्या हातात केसरची फोड दिलीत, तर तो त्या फोडीबद्दल 'एल ए बॉन' म्हणेल. पुल्लिंगी 'बों' नाकात विरतो, स्त्रीलिंगी 'बॉन'मधला न स्पष्ट ऐकू येतो. हा फरक मोठ्यानं म्हणूनच पक्का होतो, वहीत लिहून नाही.

एका ठिकाणी मात्र जपा. 'स'नंतर नाम आलं, तर विशेषणाचं लिंग-वचन त्या नामाप्रमाणे बदलतं : 'स सों द बेल ग्रॉत', ही सुंदर लेणी आहेत. गाइडच्या तोंडी हेच वाक्य जास्त येणार, तेव्हा आधी हे घोटा.