वैचारिक लेखात ‘पूर्वपक्ष’ म्हणजे काय? हा शब्द कसा वापरतात?

ज्या मताचं खंडन करायचं आहे, ते मत लेखकाने स्वतःच आधी मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. ‘पूर्वीचा राजकीय पक्ष’ या अर्थाने तो वापरू नका. शब्द शास्त्रचर्चेतला आहे. मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, विषय, संशय, पूर्वपक्ष आणि मग सिद्धान्त (अंतिम निर्णय) असा क्रम असतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांचं (सांख्य दर्शन मानणाऱ्यांचं) म्हणणं आधी मांडून मग खोडलं आहे, ते याच रीतीने.

मराठीत पूर्वपक्ष ‘मांडतात’ आणि नंतर ‘खोडून काढतात’. समजा, शाळेतलं शिक्षण मातृभाषेतून असावं असं तुम्ही लिहिताय. “कोणी म्हणेल, उच्च शिक्षण इंग्रजीत आहे, मग ही मुलं पुढे अडखळणार नाहीत का?” हा झाला पूर्वपक्ष. त्याऐवजी “इंग्रजीच्या वेडाने पछाडलेले पालक म्हणतात...” असं लिहिलंत, तर ती नुसती टवाळी होते. विरोधकाने वाचून ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हटलं पाहिजे, तरच पूर्वपक्ष नीट मांडला असं मी मानतो.

आणि तो कुठे संपला हे ‘यावर उत्तर असं की’ म्हणून स्पष्ट करा, नाहीतर घाईत वाचणारे तेच तुमचं मत समजतात.