टेक्सासमध्ये शिक्षिका आहे, ‘डेल्टा कप्पा गॅमा’ या शिक्षिकांच्या संस्थेचं निमंत्रण आलंय. सभासद होऊन काय फायदा?

फायदा आहे, पण शाखेच्या सभांना जाणार असाल तरच. नुसती वर्गणी भरून बायोडेटात एक ओळ वाढेल, बस्स.

ही संस्था १९२९ साली टेक्सासच्याच ऑस्टिन शहरात ॲनी वेब ब्लँटन आणि आणखी अकरा जणींनी काढली. ब्लँटनबाई १९१८ मध्ये टेक्सासच्या शिक्षणप्रमुख म्हणून निवडून आल्या होत्या. तिथे राज्यपातळीवरचं पद निवडणुकीने मिळवणारी ती पहिली स्त्री. तेव्हा वर्गात बायका शिकवायच्या आणि वरच्या खुर्च्यांवर बहुतेक पुरुष. ते बदलायचं म्हणूनच हा खटाटोप. त्यामुळे पुढे शिकणाऱ्या सभासदांना शिष्यवृत्त्या आहेत (अटी आधी वाचा), लेख द्यायला नियतकालिक आहे, शाखेत पद घेतलं तर कारभाराचा सरावही होतो.

माझ्या मते खरी कमाई वेगळीच. यात निवृत्त शिक्षिकाही असतात. वर्ग आवरत नाही, प्राचार्यांशी पटत नाही, हे आपल्याच शाळेत कुणाला सांगणार? दुसऱ्या शाळेतल्या जाणत्या बाईंना बिनधास्त विचारता येतं. भारतातून गेलेल्यांना तर बढतीच्या तिथल्या वाटा कुणी समजावून सांगणारं हवंच.

मात्र ही युनियन नव्हे. पगार किंवा नोकरीच्या तक्रारींसाठी शिक्षक संघटनेचं सभासदत्व वेगळं घ्या.