‘लेडी बी गुड’ हे बॉम्बर शत्रूने पाडलं होतं का? त्यातल्या लोकांचं काय झालं?

नाही, इंधन संपल्याने ते लिबियाच्या वाळवंटात कोसळलं आणि त्यातले नऊही जण मेले. 4 एप्रिल 1943 ला हे अमेरिकन बी-24 लिबरेटर इटलीतल्या नेपल्सच्या पहिल्याच मोहिमेवरून परतताना रात्री लिबियातला आपला तळ ओलांडून शेकडो किलोमीटर वाळवंटात आत गेलं. सगळ्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या. एकाचं पॅराशूट नीट उघडलं नाही. बाकीचे आठ जण अर्धी बाटली पाण्यावर दिवसेंदिवस उत्तरेकडे चालत राहिले. हे 1960 मध्ये मृतदेहाजवळ सापडलेल्या सहवैमानिक टोनरच्या डायरीतून कळतं, आणि त्या नोंदी वाचवत नाहीत. आठ जणांचे अवशेष मिळाले, एकाचे अधिकृतपणे कधीच नाहीत. तळ नेमका का चुकला, याबाबत मात्र अंदाजच आहे: दिशादर्शक रेडिओला संकेत पुढून येतोय की मागून, हे ओळखता येत नसे.