विचारा ताईंना : बीएसडब्ल्यूला चौथं वर्ष घेऊ का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शिरपूर तालुक्यातली. यंदा बारावी आर्ट्स पास झाले. मला बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला जायचं आहे. आता ते चार वर्षांचं ऑनर्सही झालंय म्हणतात. वडिलांचं म्हणणं, ‘समाजसेवा कराले डिगरी कसाले जोयजे? नर्सिंग कर.’ आमच्या गल्लीतली एक मुलगी सांगते की तिथे शिकवत काही नाहीत, आठवड्यातून दोन दिवस पाड्यांवर हिंडवतात. मी तीन वर्षं करू की चार? आणि नोकरी लागते का? (नाव छापू नका.)

उत्तर : पोरी, वडिलांवर रागावू नकोस. समाजसेवेला डिग्री लागत नाही हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना जमिनीसाठी उभं केलं, ते काही समाजकार्याचा अभ्यासक्रम शिकून नव्हे. पण त्याच नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठावर ज्या मेधा पाटकर आल्या, त्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये समाजकार्य शिकलेल्या. दोन्ही वाटा आहेत. वडिलांना एवढंच सांग, की सेवा करायला डिग्री लागत नाही, पगार घेऊन हे काम करायला लागते. सिव्हिल हॉस्पिटलातला समाजसेवा अधीक्षक किंवा बाल संरक्षण कक्षातला माणूस नेमताना जाहिरातीत पात्रता लिहिलेली असते, तिथे ‘मला माणसांची आवड आहे’ असं लिहून भागत नाही. आणि हे शिक्षण काल-परवा निघालेलं नाही. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं विद्यालय सुरू झालं, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट. आपल्या खानदेशात जळगाव, अमळनेर, चोपडा, धुळ्याजवळ मोराणे, तळोदा इथे समाजकार्य महाविद्यालयं आहेत. शिरपूरहून तुला चोपडा आणि धुळे दोन्ही एसटीच्या टप्प्यात, त्यात बायकांना अर्धं तिकीट.

आता तुझी गल्लीतली मैत्रीण. हिंडवतात हे बरोबर, शिकवत नाहीत हे चूक. त्या हिंडण्याला क्षेत्रकार्य म्हणतात आणि माझ्या मते अर्धी डिग्री तीच आहे. वर्गात तू व्यक्ती सहाय्य कार्य, गट कार्य, समुदाय संघटन अशी नावं पाठ करशील. ती परीक्षेपुरती असतात. खरी परीक्षा क्षेत्रकार्याच्या वहीत होते. माझी उमेदीची सगळी वर्षं अशा वह्या तपासण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर आमची एक विद्यार्थिनी जायची. हुशार, अक्षर मोत्यासारखं. तिने पहिल्या भेटीचा अहवाल लिहिला : ‘सदर बालक कुपोषित आहे. आई अशिक्षित असून मुलाकडे दुर्लक्ष करते. तिला पोषणाचे महत्त्व पटवून दिले.’ हे ‘महत्त्व पटवून दिले’ प्रत्येक वहीत असतं, आणि दिसलं की माझी लाल शाई सुटायचीच. समासात मी लिहिलं, ‘दुर्लक्ष करते म्हणजे तू डोळ्यांनी काय पाहिलंस?’ पोरगी फुगली. पण पुढच्या खेपेला पुन्हा त्याच घरी गेली आणि तासभर नुसती बसून राहिली.

या वेळी वहीत वेगळंच आलं. आई भल्या सकाळी निंदणीला गेलेली. सात वर्षांची थोरली धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, तिची स्वतःची शाळा बुडालेली. टोपल्यात दोन भाकरी, वर मिरचीचा ठेचा. ठेचा दीड वर्षाचं पोर खाणार कसं? शेजारणीने सांगितलं की दिवाळीनंतर घर बंद करून सगळे गुजरातेत ऊसतोडीला जातात ते होळीलाच परततात. तेवढे महिने अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढे ‘स्थलांतरित’. म्हणजे वजन नाही आणि आहारही नाही. सेविकाबाईंनी दंडाला मापाची पट्टी लावली तर माप लाल भागात, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. अंगणवाडी खात्याच्या भाषेत हे सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित बालक.

आता सांग, इथे कोणाला काय पटवून द्यायचं? आईला सगळं ठाऊकच होतं. पोरीने मग आरोग्य केंद्रात सेविकाबाईंबरोबर जाऊन मुलाची तपासणी करवली. जिथे टोळी जाते तिथल्या अंगणवाडीत नाव कसं लागेल याची विचारपूस केली. मुकादमाचा फोन नंबर मिळवला. ते अर्धवटच झालं, मुकादमाने दाद दिली नाही. पण ‘आई दुर्लक्ष करते’ हे वाक्य तिने पुन्हा कधी लिहिलं नाही. हिंडण्यात शिकायचं असतं ते असं. आणि तुला अहिराणी येते म्हणून पाड्यावर निभावेल असं धरून चालू नकोस. वर डोंगरात बायका पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली बोलतात. चार शब्द आधी शिकून घे, नाहीतर मधे एखादा पुरुष दुभाषा बसतो आणि बाई गप्प होते.

तीन की चार, याचं उत्तर आज देऊच नकोस. नव्या रचनेत अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात : तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची आणि चौथ्या वर्षासह ऑनर्स १६० ची. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, म्हणजे प्रवेश घेताना काही गहाण पडत नाही. हिशेब साधा आहे : तीन वर्षांच्या पदवीनंतर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचं, ऑनर्सनंतर ते एका वर्षाचं. दोन्हीकडून पाचच. फरक चौथ्या वर्षी तू काय करतेस यात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं, त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. पुढे पीएच.डी.ची इच्छा असेल तर हा रस्ता जवळचा. ७५ टक्के नसतील तर त्या प्रकल्पाऐवजी जादा विषय घेऊन साधं ऑनर्स मिळतं. माझं स्पष्ट मत विचारशील तर, नुसते जादा पेपर देऊन ऑनर्स नाव लावण्यापेक्षा तिसऱ्या वर्षी बाहेर पडून थेट एमएसडब्ल्यूला जा. प्रकल्प करायचा असेल मात्र जरूर थांब. फक्त ‘महिला सक्षमीकरण : एक अभ्यास’ असला विषय घेऊ नकोस, त्याचे गठ्ठे ग्रंथालयात धूळ खात पडलेत. एकच पाडा घे, ऊसतोडीला जाणारी घरं घे, मागे राहणारी म्हातारी माणसं कशावर जगतात ते मोज.

प्रवेशाआधी एकदा कॉलेजात जाऊन ये, वडिलांना बरोबर ने. चौथं वर्ष त्या कॉलेजात खरोखर चालू आहे का, आणि त्यानंतरचं एक वर्षाचं एमएसडब्ल्यू विद्यापीठात आहे का, हे ऑफिसात नव्हे, प्राचार्यांनाच विचार. क्षेत्रकार्याला कुठे पाठवतात, एका शिक्षकाकडे किती मुलं, मुली संध्याकाळी किती वाजता परततात, भाडं कोण देतं. गेल्या वर्षीची एखादी वही पाहायला माग. त्यात नुसतं ‘कार्यक्रम यशस्वीरीत्या पार पडला’ असेल आणि शिक्षकाची फक्त सही असेल, तर दुसरं कॉलेज बघ.

नोकरीचं गोड बोलून तुला फसवणार नाही. निव्वळ बीएसडब्ल्यूवर चांगल्या जागा थोड्या, बहुतेक जाहिराती एमएसडब्ल्यू मागतात. सरकारी योजनांत समुपदेशक, समन्वयक अशी पदं निघतात, ती बरीचशी करारावर, दरवेळी अकरा महिन्यांची ऑर्डर. संस्थांचा पगार प्रकल्पाच्या पैशावर, प्रकल्प संपला की नवं शोधायचं. त्या मानाने नर्सिंगला काम लवकर मिळतं, हे वडील उगाच म्हणत नाहीत. पण ही पदवी कुठल्याही पदवीसारखीच असल्याने स्पर्धा परीक्षेला बसायला आडकाठी नाही, आणि रुग्णालयं, बाल संरक्षण, बचत गट, कंपन्यांचे सामाजिक प्रकल्प इथे आपली माणसं काम करताहेत. रक्त पाहून चक्कर येत नसेल आणि दुसऱ्याच्या ओट्यावर तासभर न बोलता बसता येत नसेल, तर नर्सिंगच घे. उलट असेल तर इकडे ये.

प्रश्न : मी भुसावळला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. मला एमएसडब्ल्यू करता येईल का, की आधी बीएसडब्ल्यू लागेल?

उत्तर : लागत नाही. कुठल्याही शाखेचा पदवीधर एमएसडब्ल्यूला अर्ज करू शकतो, तीन वर्षांच्या पदवीवर ते दोन वर्षांचं. बीएसडब्ल्यूवाल्यांचे पाय आधीच मळलेले असतात, म्हणून पहिलं सत्र तुम्हाला जड जाईल. निकाल लागेपर्यंतच्या सुट्टीत गावातल्या अंगणवाडीत किंवा सिव्हिलच्या केसपेपरच्या खिडकीजवळ रोज थोडा वेळ बसा, आणि घरी येऊन दिसलं तेवढंच लिहा. मराठी विषय आहे, तर लिहिताना विशेषणांवर जरा हात आखडता ठेवा.